आरटी (रिअल-टाइम) कर्नल (लिनक्सचा गाभा) टाकूनही १ मिलिसेकंदाचा लूप मधूनच लेट होतोय, कर्नलमध्ये काही राहिलं का?

लूपवाला:
मंडळी, रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटर बोर्डवर ६४ बिट लिनक्स आहे आणि त्यावर छोट्या रोबोट आर्मचा कंट्रोल लूप चालवतोय. दर १ मिलिसेकंदाला एसपीआयवरून (चिप जोडायची सिरियल लाइन) एन्कोडर (आर्मची पोझिशन सांगणारा सेन्सर) वाचायचा, हिशोब करायचा, मोटर ड्रायव्हरला नवीन व्हॅल्यू द्यायची, बस. साध्या कर्नलवर एरवी नीट चालायचं पण वायफायवरून मोठी फाइल कॉपी करायला घेतली की मध्येच ३-४ मिलिसेकंद गायब आणि आर्मला झटका बसायचा. म्हणून ६.१२ चा सोर्स घेऊन प्रीएम्प्ट आरटी (कर्नलमधला रिअल-टाइम ऑप्शन) ऑन करून कर्नल बिल्ड केला. खूप सुधारलंय पण झटका अजून कधीतरी येतोच. प्रोग्राम सी मधला आहे, सुडोने चालवतो, लूपच्या शेवटी यूस्लीप १००० (म्हणजे १००० मायक्रोसेकंद झोप) आहे आणि दर फेरीला एक ओळ लॉग फाइलमध्ये जाते. अजून कुठे बघू?

बूटलोडर:
पहिलं म्हणजे बूट खरंच नव्या कर्नलने होतंय का ते बघ. युनेम -ए या कमांडच्या आउटपुटमध्ये प्रीएम्प्ट_आरटी असं पूर्ण दिसलं पाहिजे, नुसतं प्रीएम्प्ट दिसलं तर तो आरटी नाही. मेनूकॉन्फिगमध्ये (कर्नल बिल्डच्या सेटिंगचा मेनू) एक्स्पर्ट ऑन केल्याशिवाय आरटीचा ऑप्शन दिसतच नाही, त्यामुळे बऱ्याच जणांचं तिथेच राहून जातं. ६४ बिट घेतलंस ते बरं केलंस, मेनलाइन (मूळ अधिकृत) ६.१२ मध्ये ३२ बिट आर्मला आरटी नाहीये, त्याला अजून वेगळा पॅच लावावा लागतो.

फिफो८०:
कर्नल ठीक असेल तरी तुझा प्रोग्राम आरटी झालेला नाहीये. सुडोने फक्त परवानगी मिळते, प्रायॉरिटी नाही, तू अजून साध्या शेड्युलरमध्येच सगळ्यांबरोबर रांगेत उभा आहेस. थ्रेडला शेड फिफो (रिअल-टाइम शेड्युलिंगचा प्रकार) लाव, प्रायॉरिटी ८० वगैरे दे. ९९ नको, तिथे कर्नलचे स्वतःचे महत्त्वाचे थ्रेड असतात. मग सुरुवातीलाच एमलॉकऑल कर (प्रोग्रामची मेमरी रॅममध्येच धरून ठेवतं) म्हणजे ऐन वेळी पेज फॉल्ट (मेमरीचं पान आणायला थांबणं) येणार नाही.

यूस्लीप काढूनच टाक. ते "आत्तापासून १००० मायक्रोसेकंद" असं झोपतं, म्हणजे हिशोबाला १२० लागले तर फेरी ११२० ची झाली आणि हा फरक साचत जातो. क्लॉक_नॅनोस्लीप ॲब्सोल्यूट टाइमने वापर, पुढच्या फेरीची वेळ मागच्या ठरलेल्या वेळेत १ मिलिसेकंद मिळवून काढ, आत्ताचं घड्याळ बघून नाही.

आणि लॉग. लूपमधून फाइलला लिहिणं म्हणजे एसडी कार्ड बिझी असलं की तुझा थ्रेड त्याच्यासाठी ताटकळत बसणार, त्याला आरटी कर्नल काही करू शकत नाही कारण थांबायचं तूच मागितलंयस. मेमरीत रिंग बफर (गोल फिरत भरणारी ठरावीक जागा) ठेव, फाइलचं काम दुसऱ्या साध्या थ्रेडला दे. दोघांमध्ये म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) ठेवणार असशील तर प्रायॉरिटी इनहेरिटन्स (कुलूप धरलेल्याला वाट बघणाऱ्याची प्रायॉरिटी मिळणं) ऑन कर, बाय डिफॉल्ट नसतं ते.

मोजमाप:
वर सांगितलंय ते सगळं बरोबर, पण मोजल्याशिवाय काही बदलू नका. आरटी-टेस्ट्स पॅकेजमधलं सायक्लिकटेस्ट (थ्रेड उठायला किती उशीर होतो ते मोजणारं टूल) लावा, तेही बोर्डावर भरपूर लोड टाकून, म्हणजे स्ट्रेस-एनजी (लोड टाकणारं टूल) चालू, नेटवर्क कॉपी चालू, आणि तासन् तास चालू द्या. रिकाम्या बोर्डावरचा आकडा कामाचा नाही. ॲव्हरेज बघूच नका, फक्त मॅक्स बघा. आरटीने बोर्ड फास्ट होत नाही, एकूण काम थोडं हळूच होतं, मिळतं काय तर उशिराला एक कमाल मर्यादा. सायक्लिकटेस्टचा मॅक्स चांगला आणि तुमचा लूप वाईट असेल तर दोष कोडमध्ये.

गव्हर्नर (सीपीयूचा वेग ठरवणारी सेटिंग) परफॉर्मन्सवर ठेवा, सीएमडीलाइनमध्ये (बूटच्या वेळी कर्नलला दिले जाणारे ऑप्शन) आयसोलसीपीयूज=३ टाका म्हणजे कोर ३ बाकीच्या कामांपासून मोकळा राहील, आणि लूप त्याच कोरवर पिन करा. बोर्ड तापून किंवा व्होल्टेज पडून क्लॉक खाली येत नाही ना तेही बघा, व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड या कमांडने शून्य यायला हवं.

लूपवाला:
धन्यवाद सगळ्यांना! युनेममध्ये प्रीएम्प्ट_आरटी दिसतंय. फिफो ८०, एमलॉकऑल, नॅनोस्लीप केलं, लॉग बाहेर काढला, लूप कोर ३ वर पिन केला. आता सायक्लिकटेस्ट लोडवरही १०० मायक्रोसेकंदाच्या आत राहतं पण लूपमध्ये एन्कोडर वाचतानाच कधीतरी जास्त वेळ जातो. बाकी भाग स्थिर आहे.

फिफो८०:
मग एसपीआयच. आरटी कर्नलमध्ये इंटरप्टचं (हार्डवेअरने सीपीयूला दिलेली हाक) कामसुद्धा थ्रेडमध्ये होतं आणि त्या सगळ्या थ्रेडना फिफो ५० मिळते. तू ८० वर असलास तरी एसपीआयच्या उत्तराची वाट बघताना तुझा वेग त्या ५० वाल्या थ्रेडवर अवलंबून, आणि वायफायचा इंटरप्टही ५० लाच. पीएस कमांडच्या यादीत आयआरक्यू नावाने सुरू होणारे थ्रेड दिसतील, त्यातला एसपीआयचा शोधून सीएचआरटी (प्रायॉरिटी बदलायची कमांड) वापरून ८५ कर. वायफायचा आहे तिथेच राहू दे. बूटनंतर दर वेळी करावं लागेल, स्क्रिप्टमध्ये टाक.

पल्सवाली:
पुढे कधी स्टेपर मोटरचे पल्स थेट जीपीआयओवरून (बोर्डाच्या पिनांवरून) द्यायचा विचार असेल तर ते मात्र लिनक्सवर नको. १ मिलिसेकंदाच्या लूपला ५०-१०० मायक्रोसेकंद इकडेतिकडे चालतात, पल्सला नाही चालत. एखादा मायक्रोकंट्रोलर घ्या, त्यावर फ्रीआरटीओएस किंवा झेफिर (छोट्या रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम) टाका नाहीतर नुसता हार्डवेअर टायमर वापरा, आणि पायकडून फक्त टार्गेट पोझिशन पाठवा. आमच्या सेटअपमध्ये अशीच वाटणी आहे आणि पायवर कितीही लोड आला तरी पल्स हलत नाहीत.

लूपवाला:
एसपीआयचा थ्रेड ८५ ला नेला, कॉपी चालू असतानाही एन्कोडर वेळेत वाचला जातोय. रात्रभर लोडवर ठेवतो आणि सकाळी हिस्टोग्राम इथेच टाकतो.