राक्षसपटात रडतं कोण?
'गॉडझिला मायनस वन' या जपानी चित्रपटाबद्दल वर कोणीतरी लिहिलंय की पहिल्याच आठवड्यात "डोळ्यांत पाणी आलं" म्हणणारे प्रेक्षक म्हणजे निव्वळ प्रसिद्धीचा भाग, राक्षसपटात रडतं कोण! पटलं नाही. टोकियोतल्या गिंझा भागातला प्रसंग आठवा. गॉडझिलाच्या पाठीवरचे काटे शेपटीकडून एकेक करत खट्खट् वर येतात, निळा उजेड, मग स्फोट. पण खरा धक्का त्यानंतरचा. सगळी हवा उलटी आत खेचली जाते आणि वरून काळा पाऊस पडायला लागतो. हिरोशिमावरही असाच पडला होता. हे ज्यांच्या आजी-आजोबांनी भोगलंय ते थिएटरात रडले तर त्यात नाटक कसलं? (मी घरी नेटफ्लिक्सवर पाहिला, तरी घशात आलंच.)

आणखी एक, जे इथे अजून कोणी लिहिलं नाही. 1954 चा मूळ 'गॉडझिला' आला तेव्हा जेमतेम आठ महिन्यांपूर्वी पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटांजवळ एका जपानी मासेमारी बोटीवर हायड्रोजन बाँबच्या चाचणीची राख पडली होती. चित्रपटात लोकलमधली एक बाई वैतागून म्हणते की आधी किरणोत्सारी मासे, मग पाऊस आणि आता हा गॉडझिला; नागासाकीतून कशीबशी वाचले होते मी. प्रेक्षकांना हे पेपरात रोज वाचलेलंच वाटलं असणार. 1956 च्या अमेरिकन आवृत्तीत हा संवादच उडवला होता! तिकडच्यांना मग नुसता इमारती पाडणारा प्राणीच दिसला, यात नवल ते काय.