आईचं कार्ड हरवलंय, ऑनलाइन नवीन कसं काढायचं? तातडीने मदत हवी आहे

माजघर | सोमवार, रात्री १०.४२
आईचं कार्ड एसटीत हरवलं. शनिवारी पडेलहून तळेऱ्याला जात होती. कंडक्टरला दाखवायला काढलं, उतरल्यावर बघते तर पिशवीत नाही. दोन दिवस मी साइटवर झटतेय, दर वेळी ओटीपीपाशी गाडी अडते. ओटीपी येतच नाही. नोव्हेंबर संपायच्या आत तिचा हयातीचा दाखला जायला हवा, नाहीतर पेन्शन थांबेल. मी डोंबिवलीत, ती गावी एकटी. आत्ता रजा मिळणं कठीण आहे. घरबसल्या नवीन कार्ड कसं मिळेल ते कृपया नेमकं सांगा.

तिठा | सोमवार, रात्री १०.५५
कार्ड कोणतं? आधार, मतदार ओळखपत्र, की एसटीचं ज्येष्ठ नागरिकांचं? तिन्हींचे रस्ते वेगळे आहेत.

सुरंगीचा_वळेसर | सोमवार, रात्री ११.०३
आधी पोलिसांत हरवल्याची नोंद करा, मग पुढचं. माझं लायसन्स रत्नागिरीत हरवलं होतं तेव्हा पहिल्यांदा तोच कागद मागितला. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर ऑनलाइनही नोंदवता येतं. नोंदीशिवाय कोणी दारात उभं करत नाही, हा माझा अनुभव.

रातांबा | सोमवार, रात्री ११.१०
सोपं आहे. निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर जा आणि फॉर्म ८ भरा. पूर्वी दुरुस्तीला एक, पत्ता बदलायला दुसरा असे वेगवेगळे फॉर्म होते. २०२२ पासून दुरुस्ती, स्थलांतर आणि हरवलेल्या कार्डाच्या बदली नवीन कार्ड, सगळं फॉर्म ८ मध्येच आलं. भरताना ‘कार्ड बदलून हवे’ हा पर्याय निवडायचा. काही अडलं तर १९५० वर फोन करा किंवा गावातल्या बीएलओंना (मतदार यादीचं काम बघणाऱ्यांना) गाठा. आमच्याकडे अंगणवाडी सेविकाच बीएलओ आहेत, त्यांनी माझ्या सासूबाईंचं काम घरी येऊन केलं.

माजघर | मंगळवार, सकाळी ७.२०
आधार कार्ड हो. वेगळं सांगायला हवं असं वाटलंच नाही, माफ करा. आई ७६ वर्षांची आहे. एसटीत ७५ च्या पुढे तिकीट लागत नाही, पण वयाचा पुरावा दाखवावा लागतो, म्हणून ती आधार बाळगायची. रातांबा, मतदार कार्ड तिच्याकडे आहे, तरीही धन्यवाद.
[या प्रतिसादात लिहिलेलं आईचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख काढून टाकली आहे. उघड्या धाग्यावर अशी माहिती कृपया देऊ नका. – संपादक]

तिठा | मंगळवार, सकाळी ७.३४
ठीक. आता तीन गोष्टी सांगा. आधारला मोबाईल नंबर कोणाचा जोडलेला आहे? बारा आकडी आधार क्रमांक कुठे लिहिलेला आहे का? आणि आधारवर पत्ता गावचा की डोंबिवलीचा?

ओहोळ | मंगळवार, सकाळी ८.०१
एसटीत हरवलंय तर आगारात विचारलंत का? गाडीत सापडलेली वस्तू वाहक आगारात जमा करतात. माझी छत्री तीन आठवड्यांनी परत मिळाली होती. तिकिटावरून गाडी कोणती ते कळेल.

सुरंगीचा_वळेसर | मंगळवार, सकाळी ८.१५
तिला तिकीट कुठून मिळणार, प्रवास फुकट ना?

ओहोळ | मंगळवार, सकाळी ८.१९
फुकट असला तरी शून्य रुपयाचं तिकीट देतात. ऑगस्ट २०२२ पासून अमृत ज्येष्ठ नागरिक योजना सुरू आहे. बायकांचं अर्धं तिकीट नंतर, मार्च २०२३ मध्ये आलं. आणि खरं सांगू, ज्येष्ठांना दर खेपेला मूळ आधार काढायला लावू नये. धक्क्यात, गर्दीत, एका हाताने दांडा धरून ही माणसं पिशवी उघडणार कशी? यावर वेगळा धागा काढायला हवा.

माजघर | मंगळवार, दुपारी १.०५
मोबाईल नंबर बाबांचा जोडलेला आहे. बाबांना जाऊन दोन वर्षं होतील. त्यांचा नंबर नंतर कोणी रिचार्ज केला नाही, बंद पडला. आईकडे साधा फोन आहे, त्याचा नंबर कुठेच जोडलेला नाही. आधार क्रमांक तिला पाठ नाही, मलाही नाही. पत्ता गावचाच आहे. आगारात फोन केला, अजून काही जमा झालेलं नाही.

जेटीवरून | मंगळवार, दुपारी १.३०
बंद नंबर जोडलेला ठेवणं धोक्याचं आहे, हे आधी लक्षात घ्या. बंद पडलेला नंबर ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. मग तुमच्या आईचे ओटीपी कुठल्यातरी परक्या माणसाच्या फोनवर जातील. वडील गेल्यावर पहिल्याच महिन्यात हे करायला हवं होतं.

माजघर | मंगळवार, दुपारी १.४१
पहिल्या महिन्यात आम्हाला हे सुचण्यासारखी परिस्थिती नव्हती.

जेटीवरून | मंगळवार, दुपारी १.४८
माझं चुकलं, ताई. मी माझ्या घरच्या अनुभवाने बोललो. चुलत्यांचा नंबर असाच दुसऱ्याकडे गेला आणि काकूच्या बँकेचे मेसेज त्याला जात होते. म्हणून जीव तळमळतो.

गावडेवाडी | मंगळवार, दुपारी २.१०
माझ्या आवशीचा नंबर आमच्या पोस्टमनानच जोडून दिल्यान. घराक इलो, मशीन काढल्यान, बोट ठेवूक सांगल्यान, धा मिनटात काम झाला. ऑनलाइनच्या भानगडीत कित्याक पडतास? पोस्टात फोन करा.

तिठा | मंगळवार, दुपारी २.२६
गावडेवाडी बरोबर सांगतायत. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे पोस्टमन २०२१ पासून घरी येऊन आधारला मोबाईल जोडून देतात. पण त्यांना आधार क्रमांक द्यावा लागतो, आणि तोच इथे नाही. म्हणून माझं म्हणणं, कार्डाच्या मागे धावू नका, क्रमांक शोधा. कार्ड हा नुसता कागद. दाखल्याला क्रमांक लागतो आणि हाताचा ठसा किंवा चेहरा लागतो. आईंनी गॅसच्या पुस्तकात, रेशन दुकानात, बँकेत कुठे झेरॉक्स दिली असेल. तिच्यावर आकडे असतील.

काळवा | मंगळवार, दुपारी ३.०२
ओळखीचा एक जण आहे, नाव आणि गाव दिलं की आधार काढून देतो. ५०० घेतो. हवं तर नंबर व्यनि (खासगी निरोप) करतो.

तिठा | मंगळवार, दुपारी ३.०५
असल्या माणसाकडे अजिबात जाऊ नका. नुसत्या नावावर दुसऱ्याचं आधार काढून देणारा उद्या त्याच कागदावर काय करील याचा नेम नाही. काळवा, कृपया हे इथे लिहू नका.

काळवा | मंगळवार, दुपारी ३.११
आमच्याकडे दहा जणांची कामं झाली, म्हणून सांगितलं. नको तर नको.

पाणंद | मंगळवार, दुपारी ४.४०
पोस्टमनच्या मशीनबद्दल एक. बाई काजूच्या कामातल्या असतील तर ठसा लागणार नाही. माझी आई ३० वर्षं काजू बी सोलायची. टरफलातल्या तेलाने बोटांची सालं निघतात, रेषा उरत नाहीत. चार वेळा बोट ठेवलं, चारही वेळा नकार. शेवटी केंद्रावर जाऊन डोळ्यांचं स्कॅन झालं तेव्हा कुठे काम झालं.

माजघर | मंगळवार, संध्याकाळी ६.१५
काजू नाही, पण आमसुलं करते आई दर वर्षी, आणि रेशनच्या मशीनवर तिचं बोट नेहमी दोन-तीनदा ठेवायला लागतं. गॅसच्या पुस्तकात झेरॉक्स आहे, पण लॅमिनेशनच्या आत पाणी शिरून शेवटचे चार आकडे गेलेत. अर्धे आकडे घेऊन काय करू?

पाणंद | मंगळवार, संध्याकाळी ६.२२
केंद्रावर न्या सरळ. देवगडला.

गावडेवाडी | मंगळवार, संध्याकाळी ६.२५
७६ वर्षांच्या बाईक दोन एस्ट्यो बदलूक लावतास? पोस्टमन घराक येता.

पाणंद | मंगळवार, संध्याकाळी ६.३१
पोस्टमन आला आणि ठसा लागला नाही तर दिवस फुकट. केंद्रावर डोळ्यांचं यंत्र असतं.

गावडेवाडी | मंगळवार, संध्याकाळी ६.३३
आधी बोट तरी ठेवून बघूंदे.

तिठा | मंगळवार, संध्याकाळी ६.५०
दोघंही क्षणभर थांबा, क्रमांकच नाही अजून. ताई, आधार काढलं तेव्हा मिळालेली पावती घरात असेल का? आपल्याकडे बहुतेकांची नोंदणी शाळेत शिबिर लावून झाली. त्या पावतीवर वरच्या बाजूला १४ आकडी नोंदणी क्रमांक असतो आणि शेजारी तारीख-वेळ, सेकंदासकट. तारीख-वेळेचे १४ आकडे धरून एकूण २८ होतात. ते मिळाले तर तुमचं अर्धं काम झालं. आणखी एक, पेन्शन कोणती? सरकारी, जिल्हा परिषदेची, की कंपनीची?

इरलं | मंगळवार, रात्री ८.१२
विषय निघालाच आहे तर, देशातलं पहिलं आधार आपल्या राज्यातच दिलं होतं. नंदुरबार जिल्ह्यातलं टेंभली, सप्टेंबर २०१०. तेव्हा वाटलं नव्हतं की एसटीपासून रेशनपर्यंत हाच कागद लागेल.

माजघर | मंगळवार, रात्री ९.३०
पावतीचं विचारते तिला. पेन्शन बाबांच्या कंपनीची, पीएफ ऑफिसकडून येते.

जेटीवरून | मंगळवार, रात्री ९.४४
मग नोव्हेंबरअखेरीची धास्ती सोडा! ती ईपीएस ९५ ची, म्हणजे पीएफच्या १९९५ च्या योजनेची पेन्शन. तिथे दाखला वर्षात कधीही देता येतो आणि दिल्या दिवसापासून एक वर्ष चालतो. नोव्हेंबरची मुदत सरकारी पेन्शनवाल्यांना. मागच्या वर्षीची जीवन प्रमाणची, म्हणजे डिजिटल हयातीच्या दाखल्याची पावती शोधा, तिच्यावर तारीख असेल. ती तारीख हीच तुमची खरी मुदत. मी पीएफच्याच रांगेत उभा राहणारा माणूस आहे, हे खात्रीने सांगतो.

सुरंगीचा_वळेसर | मंगळवार, रात्री ९.५८
आणि पोलिसांतली नोंद?

तिठा | मंगळवार, रात्री १०.०४
आधार परत मिळवायला ती लागत नाही. लायसन्सची गोष्ट वेगळी. पण कार्ड कुठे गैरवापरात आलं तर आपल्याकडे कागद असावा म्हणून नोंद केली तर वाईट नाही. सुरंगी म्हणतात ते त्या अर्थाने योग्य.

माजघर | बुधवार, रात्री ९.१५
पावती मिळाली. बाबांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर रबर लावून ट्रंकेत ठेवली होती. २०१२ ची, शाळेतल्या शिबिराची. आमच्या घरात रेंज नाही, म्हणून आई मांगराच्या गडग्यापाशी उभी राहून मला आकडे वाचून दाखवत होती. शेजारच्या वहिनींनी बॅटरी धरली. दोनदा कट झाला. ‘तीन की आठ गं, पोट दोन्हीकडे आहे का?’ असं करत २८ आकडे झाले. आता पुढे काय करू?
मागच्या वर्षीच्या दाखल्यावर १८ डिसेंबर आहे. जेटीवरून, तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही. रात्री नीट झोप लागेल आज.

तिठा | बुधवार, रात्री ९.३२
छान. आधारच्या अधिकृत साइटवर पीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकचं आधार कार्ड मागवण्याचा पर्याय आहे. तिथे आधार क्रमांकाऐवजी हे २८ आकडे टाका: आधी नोंदणी क्रमांकाचे १४, मग तारीख-वेळ. खाली ‘माझा मोबाईल नोंदवलेला नाही’ अशी चौकट आहे, तिथे खूण करा आणि तुमचा स्वतःचा नंबर द्या. ओटीपी तुमच्या फोनवर येईल. नंबर नोंदलेला नसला की पैसे भरण्याआधी कार्डावरचा मजकूर दिसत नाही, म्हणून आकडे पुन्हा एकदा पडताळा. कार्ड स्पीड पोस्टाने आधारवरच्या पत्त्यावर, म्हणजे गावीच जाईल. पत्ता डोंबिवलीचा करता येणार नाही, म्हणूनच काल विचारलं होतं. पोस्टमनना आधी सांगून ठेवा.
कार्ड यायच्या आत क्रमांक हवा असेल तर हीच पावती हातात घेऊन १९४७ वर फोन करा. गुगलवर सापडलेल्या दुसऱ्या कुठल्याही नंबरवर करू नका.

रातांबा | बुधवार, रात्री ९.४०
आणि एवढं चाललंच आहे तर आईंच्या मतदार कार्डावरचं वय तपासून घ्या, फॉर्म ८ मध्ये तेही दुरुस्त होतं.

जेटीवरून | बुधवार, रात्री ९.४७
क्रमांक मिळाल्यावर पहिलं काम, बाबांचा नंबर काढून नवीन जोडणं. स्वतःचाच जोडा ताई, एक नंबर घरातल्या कितीही जणांच्या आधारला जोडता येतो.

पाणंद | बुधवार, रात्री ९.५५
नको, आईंचाच जोडा. उद्या त्या बँकेच्या खिडकीपाशी उभ्या असतील आणि ओटीपी डोंबिवलीला येईल. तुम्ही लोकलमध्ये असलात तर? साध्या फोनवरही ओटीपीचा मेसेज येतोच.

जेटीवरून | बुधवार, रात्री १०.०१
आणि कोणी फोन करून गोड बोलून तोच ओटीपी मागून घेतला तर? एकट्या म्हाताऱ्या माणसाला फसवणं सोपं असतं.

पाणंद | बुधवार, रात्री १०.०६
माझ्या आईने आजवर कोणाला ओटीपी दिलेला नाही. म्हातारी माणसं आपल्याला वाटतात त्यापेक्षा सावध असतात.

माजघर | शुक्रवार, रात्री ८.५०
कार्ड मागवलं, पैसे भरले, विनंती क्रमांक मिळाला. काल १९४७ वरून आधार क्रमांकही कळला. आज पोस्टमनकाका घरी आले होते. उजव्या हाताचं एकही बोट लागलं नाही. त्यांनी आईला कोमट पाण्याने हात धुवायला लावले, पदराने कोरडे करायला सांगितले आणि डावा अंगठा ठेवला. तो लागला. नंबर आईचाच जोडला, तिनेच सांगितलं, ‘माझं आहे ते माझ्याकडे येऊंदे.’ दाखला पुढच्या आठवड्यात तेच काका करून देणार आहेत.
गावडेवाडी, काकांना आईने चहा आणि घावणे दिले. तुमचं नाव माहीत नाही, पण गावी आलात तर तुम्हालाही.

गावडेवाडी | शुक्रवार, रात्री ९.०२
येतलंय. आवशीक नमस्कार सांगा.

सडा | शुक्रवार, रात्री ९.२०
माझ्या मामाचंही असंच झालंय, पण त्याच्याकडे पावती नाही आणि नावात चूक आहे. काय करावं?

तिठा | शुक्रवार, रात्री ९.२६
नावात चूक नेमकी कुठे, आणि मोबाईल कोणाचा जोडलेला आहे?