जिरा: सगळे टीम लीड अ‍ॅडमिन झालेत, हक्क कमी कोणत्या क्रमाने करावेत?

प्रश्न

जिरा क्लाउड (टीमच्या कामांची नोंद ठेवणारं अ‍ॅटलासियन कंपनीचं ऑनलाइन सॉफ्टवेअर), स्टँडर्ड प्लॅन, ६० जण. ११ प्रोजेक्ट कंपनी-मॅनेज्ड (सेटिंग जिरा अ‍ॅडमिनच्या हातात), ३ टीम-मॅनेज्ड (सेटिंग त्या टीमच्याच हातात). व्हर्जन (रिलीज) आणि कंपोनंट (प्रोजेक्टचे उपभाग) टाकता यावेत एवढ्यासाठी सगळे लीड जिराच्या अ‍ॅडमिन ग्रुपमध्ये आहेत. एका लीडने आपल्या टीमसाठी वर्कफ्लोमधलं (काम कोणत्या टप्प्यांतून जातं त्या आराखड्यातलं) एक स्टेटस (टप्पा) काढलं आणि तोच वर्कफ्लो वापरणाऱ्या सहाही प्रोजेक्टांतून ते गेलं. आता लीडकडे आपापल्या प्रोजेक्टपुरतेच हक्क ठेवायचे आहेत, पण कोणाचं काम अडायला नको.

प्रतिसाद १

व्हर्जन, कंपोनंट, प्रोजेक्टमध्ये माणसं घेणं-काढणं, यासाठी 'अ‍ॅडमिनिस्टर प्रोजेक्ट्स' ही प्रोजेक्टपुरती परमिशन पुरते. तुमच्या लीडकडे आहे ती 'अ‍ॅडमिनिस्टर जिरा' ही ग्लोबल परमिशन. वर्कफ्लो, कस्टम फील्ड (स्वतः बनवलेले रकाने), सगळ्या स्कीम (प्रोजेक्टांना लावायचे सेटिंगचे संच) तिच्या ताब्यात येतात. त्याच्याही वर ऑर्गनायझेशन अ‍ॅडमिन: युजर, बिल, सुरक्षा. तो हक्क दोघांकडे ठेवा. एकाकडेच असेल आणि तो रजेवर गेला, तर सगळे खोळंबतात.

क्रम असा ठेवा. आधी सध्याच्या परमिशन स्कीमची (कोणाला कोणता हक्क याच्या संचाची) कॉपी काढून तिला वेगळं नाव द्या. मूळ स्कीमला हात लावू नका, कारण ती जितक्या प्रोजेक्टांना लावलेली आहे तितक्या सगळ्यांत बदल त्याच क्षणी लागू होतो. कॉपीमध्ये 'अ‍ॅडमिनिस्टर प्रोजेक्ट्स' फक्त 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स' या प्रोजेक्ट रोलला (प्रत्येक प्रोजेक्टमध्ये वेगळी माणसं घालता येतात अशा भूमिकेला) द्या, ग्रुपला नको. परमिशन ग्रुपला दिली की नवीन माणूस आला तरी प्रत्येक वेळी वरच्या अ‍ॅडमिनकडेच यावं लागतं. रोल असेल तर लीड स्वतःच माणूस घालतो.

मग कमी वर्दळीचा एक प्रोजेक्ट निवडा, तिथे ही स्कीम लावा आणि लीडला नाव घेऊन त्या रोलमध्ये घाला. ग्रुपमधून काढणं सगळ्यात शेवटी. बहुतेकांचा घोळ इथेच होतो: रोलच्या डिफॉल्ट सदस्यांत अ‍ॅडमिन ग्रुपच बसलेला असतो, त्यामुळे लीड रोलमध्ये 'दिसतो' तो ग्रुपमुळे. ग्रुपमधून काढला की प्रोजेक्टमधूनही गेला. डिफॉल्ट सदस्य बदलले तरी फरक फक्त नव्या प्रोजेक्टांना पडतो. जुने ११ हातानेच तपासावे लागतील.

स्कीममध्ये 'अ‍ॅटलासियन-अ‍ॅडऑन्स-प्रोजेक्ट-अ‍ॅक्सेस' नावाचा रोल दिसेल. अनोळखी वाटतो म्हणून साफसफाईत लोक तो काढून टाकतात, आणि मग जोडलेली अ‍ॅप्स आणि ऑटोमेशन (आपोआप चालणारे नियम) बंद पडतं. तो राहू द्या.

प्रतिसाद २

वरच्यात दोन गोष्टींची भर.

लीडना वर्कफ्लोत थोडं स्वातंत्र्य हवंच असेल, तर 'अ‍ॅडमिनिस्टर प्रोजेक्ट्स'बरोबर 'एक्स्टेंडेड प्रोजेक्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेशन'चा पर्याय असतो. तो चालतो फक्त त्या एकाच प्रोजेक्टच्या वर्कफ्लोवर. वर्कफ्लो दुसऱ्या प्रोजेक्टशी वाटून घेतलेला असेल तर लीडला तो बदलता येत नाही, म्हणजे तुमच्याकडे झालेला प्रकार मुळातच टळतो. साइटवर (कंपनीच्या संपूर्ण जिरात) आधीपासून असलेलं स्टेटस लीड आणू शकतो, नवीन तयार करू शकत नाही. कंडिशन, व्हॅलिडेटर आणि पोस्ट फंक्शनलाही (स्टेटस बदलतानाच्या अटी, तपासण्या आणि आपोआप होणाऱ्या कृती) त्याचा हात पोहोचत नाही. माझ्या मते एवढी मोकळीक पुरेशी आहे.

टीम-मॅनेज्ड तीन प्रोजेक्टांना परमिशन स्कीम लागूच होत नाही. तिथले हक्क त्या प्रोजेक्टच्याच सेटिंगमधून. शिवाय जो असा प्रोजेक्ट तयार करतो तो आपोआप त्याचा अ‍ॅडमिन होतो. ग्लोबल परमिशन्समध्ये 'क्रिएट टीम-मॅनेज्ड प्रोजेक्ट्स' कोणाकडे आहे ते पाहा. सरसकट सगळ्यांना असेल तर आत्ताच आवरा.

प्रश्नकर्ता

एका प्रोजेक्टवर करून पाहिलं. व्हर्जन, कंपोनंट ठीक. पण ग्रुपमधून काढल्यावर लीडला स्प्रिंट (ठराविक मुदतीचा कामाचा टप्पा) सुरू करता येत नाही. रोलमध्ये त्यांचं नाव स्वतंत्रपणे आहे.

प्रतिसाद १

बोर्डाचा फिल्टर (बोर्डावर कोणती कामं यावीत ते ठरवणारा शोध) उघडून बघा, त्यात दुसरा प्रोजेक्ट असणार. स्प्रिंट सुरू किंवा बंद करायला 'मॅनेज स्प्रिंट्स' लागते, आणि ती फिल्टरमध्ये येणाऱ्या सगळ्या प्रोजेक्टांत लागते. एका ठिकाणी नसली तरी बटण चालत नाही. एकतर फिल्टर एका प्रोजेक्टपुरता आखडा, नाहीतर दुसऱ्या प्रोजेक्टच्या स्कीममध्ये 'मॅनेज स्प्रिंट्स' एका वेगळ्या रोलला द्या आणि या लीडला त्या रोलमध्ये घ्या. तेवढ्यासाठी तिथला अ‍ॅडमिन करायची गरज नाही.

असं काही अडलं की अंदाज बांधत बसू नका. अ‍ॅडमिन सेटिंगमध्ये 'परमिशन हेल्पर' आहे. युजर, इश्यूचा (कामाच्या नोंदीचा) क्रमांक आणि परमिशन भरली की कोणती अट पूर्ण होत नाही ते तो दाखवतो.

प्रतिसाद ३

उरलेल्या लीडना ग्रुपमधून काढण्याआधी ऑटोमेशनचे नियमही चाळा. एखादा नियम लीडच्या नावाने चालत असेल तर हक्क गेल्यावर त्यातली कृती फसू शकते; काय अडलं ते नियमाच्या ऑडिट लॉगमध्ये दिसतं. असे नियम 'ऑटोमेशन फॉर जिरा' या अ‍ॅक्टरवर (नियम ज्याच्या नावाने चालतो त्या खात्यावर) न्या.

नवी स्कीम करताना 'ब्राउझ प्रोजेक्ट्स' ही (प्रोजेक्ट पाहण्याची) परमिशन 'रिपोर्टर' (इश्यू नोंदवणारा) किंवा 'करंट असाइनी' (इश्यू सध्या ज्याच्याकडे आहे तो) यांना देऊ नका. 'ज्याचा इश्यू त्यालाच दिसेल' असं वाटतं, पण तेवढ्याने प्रोजेक्टचं नाव साइटवरच्या सगळ्यांना दिसू लागतं. 'कोणाचा इश्यू कोणाला दिसावा' यासाठी इश्यू सिक्युरिटी स्कीम वेगळी असते, ती वापरा.