संधिवातासाठी राज्याचा वेगळा कायदा: कामाचा की कागदाचा?

चौकस: अमेरिकेतल्या काही राज्यांच्या आरोग्य कायद्यांत संधिवात प्रतिबंध आणि नियंत्रणाचा स्वतंत्र भाग आहे. खात्याने रुग्णांची आकडेवारी ठेवावी, जनजागृती करावी, डॉक्टर-नर्सना प्रशिक्षण द्यावं वगैरे. वाचायला झकास. पण अशा कलमांत बऱ्याचदा एक मेख असते: 'निधी उपलब्ध असल्यास'. पैसे नसले की खातं मोकळं! तिथे पाचातल्या एका प्रौढाला संधिवात आहे. उपचार आणि बुडालेली कमाई मिळून २०१३ सालचा खर्चच ३०० अब्ज डॉलरच्या वर होता. तरतूद करायची नसेल तर कायदाही करू नये, लोकांची फसगत तरी टळेल.

रेवा: साफ असहमत. सीडीसी ही अमेरिकेची केंद्रीय आरोग्य संस्था १९९९ पासून संधिवातासाठी राज्यांना पैसे देते, पण सरसकट नाही. अर्ज करावा लागतो. तो करणार कोण? हे काम खात्यात कुणाच्या तरी गळ्यात असेल तरच होणार ना! कायदा तेवढं करतो. मिसुरी राज्याने तर कायद्यातच विभागीय संधिवात केंद्रांची सोय केली.

चौकस: ज्याच्या गळ्यात पडतं तोच मधुमेह बघतो, रक्तदाबही बघतो. संधिवाताने माणूस लगेच मरत नाही, म्हणून फाईल कायम तळाला.

हाडवैद्य_नव्हे: दोघांचंही एका गोष्टीकडे दुर्लक्ष होतंय. संधिवाताचे शंभरावर प्रकार आहेत आणि कायदा सगळ्यांना एकाच पोत्यात भरतो. गुडघ्याच्या झिजेत प्रतिबंधाला खरंच वाव आहे. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या लोकांवरच्या दीर्घ अभ्यासात (१९९२) दहा वर्षांत साधारण पाच किलो वजन उतरलेल्या बायकांमध्ये गुडघेदुखीसह होणाऱ्या झिजेचा धोका निम्म्याहून कमी दिसला. आमवाताचं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते त्या प्रकाराचं, तसं नाही. सिगारेट सोडा, यापलीकडे प्रतिबंध म्हणून सांगण्यासारखं फार थोडं. तिथे सांधे वाकडे होण्याआधी निदान आणि औषध मिळणं महत्त्वाचं. पत्रकं वाटून ते होत नाही. विमा कंपन्या आधी स्वस्त औषध घ्यायला लावतात, त्याने गुण आला नाही तरच पुढचं मंजूर करतात. या 'स्टेप थेरपी'ला अनेक राज्यांनी कायद्याने लगाम घातलाय. मला विचाराल तर आमदारांनी जोर तिथे लावावा.

रेवा: लावा की, पण त्यालाही मर्यादा आहे. मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांचा उपचारखर्च स्वतःच्या पैशातून भागवतात, त्या योजना १९७४ च्या एरिसा या केंद्रीय कायद्याखाली येतात. राज्याचा विमा कायदा त्यांना लागू होत नाही. म्हणजे तुमचा लगामही अर्ध्याच घोड्यांना. उलट 'वॉक विथ ईज'सारखा सहा आठवड्यांचा चालण्याचा कार्यक्रम विमा असो नसो, कुणालाही चालतो आणि स्वस्तही पडतो. दुखतंय म्हणून बसून राहणाऱ्यांना उठवायला डॉक्टर पुरे पडत नाहीत, हे तरी मान्य कराल?

हाडवैद्य_नव्हे: झिजेपुरतं मान्य. आमवाताच्या रुग्णाला नुसतं चालायला पाठवून वेळ घालवलात तर मात्र भांडेन.

चौकस: चालण्याचे वर्ग किती जिल्ह्यांत झाले, किती लोक शेवटपर्यंत टिकले, हे खात्याने दरवर्षी विधिमंडळाला लेखी द्यावं, एवढं बंधन घाला. निधी नसेल तर 'शून्य' असं छापून द्या. मग बघू पुढच्या अर्थसंकल्पात कोण कसं टाळतं ते.

रेवा: याला मात्र +१. पण त्यासाठीही आधी कायदा लागतोच, चौकसराव.