मदत हवी आहे: गावकीने वाळीत टाकलंय, घटनेतले मूलभूत हक्क गावकीविरुद्ध चालतात का?

नमस्कार मंडळी,

पोस्ट मोठी आहे पण प्लीज पूर्ण वाचा, कायद्यातलं कळणाऱ्यांनी तर नक्कीच.

माझं माहेर रायगड जिल्ह्यातलं. गाव-तालुका मुद्दाम लिहीत नाहीये कारण काका-काकूंना तिथेच राहायचंय, आम्ही बाकीचे सगळे ठाणे-डोंबिवलीकडे. मागच्या ग्रामपंचायतीच्या वेळी गावकीने (गावातल्या प्रमुख लोकांची पारंपरिक पंचायत) बैठकीत ठरवलं की आपल्या वॉर्डातून एकच फॉर्म जाणार, बिनविरोध. काकूने तरीही फॉर्म भरला. निवडणूक झाली, काकू हरली, खरं तर विषय तिथेच संपायला हवा होता. पण नंतर परत बैठक लावली आणि काकांना सांगितलं की ५० हजार दंड भरा आणि देवळासमोर नारळ ठेवून सगळ्या गावाची माफी मागा. काकांनी दोन्हीला नाही म्हटलं. त्या दिवसापासून घर वाळीत.

वाळीत म्हणजे काय हे शहरात वाढलेल्यांना पटकन कळत नाही म्हणून सांगते. वाडीतलं दुकान सामान देत नाही, मीठ-साखरेलासुद्धा तालुक्याला जावं लागतं. भात लावणीला माणूस मिळत नाही, आणि पॉवर टिलरवाला तर स्पष्ट म्हणाला की मला तुमचं वाईट वाटतं पण तुमच्या शेतात उतरलो तर मलाही दंड बसेल. शिमग्यात पालखी शेजारच्या अंगणापर्यंत आली आणि आमचं दार टाळून पुढे गेली, काकू ओटीचं ताट घेऊन उभी होती. मध्यंतरी आजी गेली. खांदा द्यायला वाडीतलं एक माणूस आलं नाही, लाकडं द्यायलाही कोणी तयार नव्हतं, आम्ही मुंबईहून पोचेपर्यंत आजी तशीच घरात. ज्यांना आजीने अंगाखांद्यावर खेळवलं ते दारं लावून बसले होते. हे मला आजही सहन होत नाही.

पोलीस स्टेशनला काका गेले तर साधा अर्ज घेतला, एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) करून दिली आणि म्हणाले हा गावचा आपसातला मामला आहे, समजुतीने मिटवा. समजुतीने म्हणजे काय, तर दंड थोडा कमी करून भरून टाका!

आता मुख्य प्रश्न. गावकीत एक शिकलेले गृहस्थ आहेत ते काकांना म्हणाले की मूलभूत हक्क फक्त सरकारविरुद्ध असतात, शेजाऱ्याविरुद्ध नसतात, कोणाशी बोलायचं कोणाच्या घरी जायचं हे आमचं स्वातंत्र्य आहे, उलट तुम्हीच आमच्या स्वातंत्र्यावर गदा आणताय. वर असंही म्हणाले की बहिष्काराविरुद्धचा कायदा सुप्रीम कोर्टाने १९६२ सालीच रद्द केलाय, जा कुठे जायचं तिकडे. काका सातवी शिकलेले, ते ऐकून गप्प बसले. मी शाळेत नागरिकशास्त्रात कलम १४, १९, २१ पाठ केलीत पण इथे नेमकं कुठलं लागू होतं, थेट हायकोर्टात जाता येतं का, एफआयआर घेतलाच नाही तर पुढे काय, आणि १९६२ चं ते खरं आहे का, हे कोणी नीट सांगेल का? काकांकडे वकिलाला द्यायला फार पैसे नाहीत. पण दंड भरायचा नाही हे त्यांचं ठरलंय आणि मी त्यांच्या बाजूने आहे.

प्रतिसाद

ताई, मी तालुका कोर्टात प्रॅक्टिस करतो. आधी एक महत्त्वाचं, १९६२ वर अडकू नका. तो निकाल खरा आहे पण तुमच्या केसला त्याने काही होत नाही. जुन्या मुंबई राज्याचा १९४९ चा बहिष्कार प्रतिबंधक कायदा होता, दाऊदी बोहरा समाजाच्या सय्यदनांनी (धर्मगुरूंनी) त्याला आव्हान दिलं आणि सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो कायदा घटनाबाह्य ठरवला, कारण कलम २६ प्रमाणे धार्मिक संप्रदायाला आपले धार्मिक व्यवहार स्वतः सांभाळायचा हक्क आहे. विरोधी मत खुद्द सरन्यायाधीश सिन्हांचं होतं. २०२३ मध्ये घटनापीठाने तो प्रश्न पुन्हा तपासायला नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे पाठवलाय. आता मला सांगा, ग्रामपंचायतीला कोणी फॉर्म भरायचा हे ठरवणारी गावकी कुठला धार्मिक संप्रदाय झाली?

आणि मुख्य म्हणजे आपल्याकडे आता वेगळा कायदा आहे. सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा, तो ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. असा स्वतंत्र कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य. दुकान बंद करणं, अंत्यविधीत अडथळा, धार्मिक कार्यक्रमातून वगळणं, कामधंद्याचे संबंध तोडायला लावणं, राजकीय कलावरून भेदभाव करणं, हे सगळं त्यात बसतं. बहिष्कार टाकायला बैठक भरवणं हाही गुन्हा. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि दंडाची रक्कम पीडिताला द्यायची तरतूद आहे. गुन्हा जामीनपात्र आहे पण दखलपात्र आहे (म्हणजे पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय एफआयआर घेऊन तपास करू शकतात), म्हणून पोलिसांनी एनसी करून हातात देणं चूकच. एनसी अदखलपात्र गुन्ह्याची असते.

आता ते स्वातंत्र्याचं. एखाद्याने स्वतःच्या मनाने तुमच्याशी बोलणं सोडलं तर कुठलाच कायदा त्याला बोलायला लावणार नाही. पण बैठक घेऊन बाकीच्यांना सांगणं की यांच्याशी बोलाल तर दंड, हे स्वातंत्र्य नाही. टिलरवाल्याला यायचं होतं, त्याला येऊ दिलं नाही. म्हणजे गावकीने काकांचा तर हक्क मारलाच, त्या टिलरवाल्याचाही मारला. त्या गृहस्थांना हे ऐकवा.

मूलभूत हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध असतात हे बरोबर आहे पण अर्धंच. कलम १५ चा दुसरा भाग (दुकानं, विहिरी, रस्ते), कलम १७ अस्पृश्यता, कलम २३ वेठबिगारी, ही कलमं खाजगी माणसालाही बांधतात. तुमच्या बाबतीत वाळीत टाकणारे तुमच्याच जातीचे असतील तर १५ आणि १७ सरळ बसवणं अवघड जाईल. पण २०२३ च्या जानेवारीत कौशल किशोर प्रकरणात घटनापीठाने बहुमताने म्हटलंय की १९ आणि २१ खालचे हक्क सरकार सोडून इतरांविरुद्धही लागू होऊ शकतात. फक्त एक, निवडणूक लढवणं हा मूलभूत हक्क नाही, तो कायद्याने दिलेला हक्क आहे, म्हणून तक्रारीत त्याच्यावर सगळा भार टाकू नका, भर बहिष्कारावर ठेवा.

हायकोर्टात कलम २२६ खाली जाता येतं, पण गावकीवर रिट (हायकोर्टाकडे आदेश मागणारी याचिका) टाकण्यापेक्षा पोलिसांनी कर्तव्य केलं नाही यावर ते जास्त टिकतं. आणि कोर्ट पहिला प्रश्न हाच विचारेल की खालचे मार्ग वापरलेत का. म्हणून आधी ते. ललिता कुमारी निकाल आहे २०१३ चा, दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक. नवीन नागरिक सुरक्षा संहितेत ३ वर्षं किंवा जास्त पण ७ वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात डीवायएसपींच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, पोलीस त्याकडे बोट दाखवतील, दाखवू देत, पण १४ दिवस म्हणजे १४ दिवस. नाहीच घेतला तर एसपींना लेखी तक्रार रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपून ठेवा, तरीही नाही तर त्याच संहितेच्या कलम १७५ खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. उशीर मात्र करू नका, या शिक्षेच्या गुन्ह्याला ३ वर्षांची मुदत असते.

पैशाचं म्हणाल तर तक्रार काकूच्या नावाने द्या. महिलांना उत्पन्न कितीही असो, विधी सेवा समितीकडून वकील फुकट मिळतो. प्रत्येक तालुका कोर्टात ती समिती असते.

प्रतिसाद

माफ करा, थोडं वेगळं बोलतो. मी पण कोकणातलाच. केस केली की दोनचार लोकांना अटक होते, जामीन होतो, ते संध्याकाळी घरी येतात आणि मग काका-काकू त्याच वाडीत एकटे. कायदा बरोबर आहे पण रात्री काकांना काही झालं तर गाडी कोण काढणार? आधी मुंबई मंडळाशी (मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाशी) बोला. आमच्याकडे चाकरमान्यांनी गणपतीत सांगितलं की एका घराला वाळीत टाकणार असाल तर यंदा मंडळाची वर्गणी येणार नाही, तेव्हा गावकी नरमली.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दादा, तुमची काळजी खरी आहे, मलाही रात्री तेच वाटतं. पण मुंबई मंडळाचे अध्यक्ष त्या बैठकीला स्वतः हजर होते. आणि समजा बोलून मिटलं तर कशावर मिटणार, काकूने यापुढे फॉर्म भरायचा नाही यावरच ना? काकू परवा फोनवर म्हणाली, पालखी नाही आली तरी चालेल पण चुकलं असं मी म्हणणार नाही. तिला असं कसं सांगू की गप्प बस.

वकील दादा, खूप खूप आभार, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून काकांना पाठवतेय. एक राहिलं, ग्रामपंचायतीचा नळ आमच्या बाजूचा बंद केलाय, दुरुस्ती म्हणतात पण शेजारी पाणी येतं. आणि गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बैठकीचा निर्णय टाकला होता, माझ्या चुलतभावाकडे स्क्रीनशॉट आहे. चालेल का?

प्रतिसाद

मी वकील नाही, अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कामात असते, जातपंचायतीला मूठमाती अभियानात बरीच वर्षं. २०१६ चा कायदा व्हावा म्हणून या अभियानाने खूप धडपड केलीय. तुम्ही रायगडच्या म्हणून सांगते, महाडचं चवदार तळं तुमच्याच जिल्ह्यात. १९२३ ला बोले ठराव (सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा) झाला, नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचा ठराव केला, तरी १९२७ मध्ये बाबासाहेबांना लोकांना घेऊन तिथे जावं लागलं आणि हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. बाबासाहेबांना बहिष्काराची ताकद पक्की माहीत होती, १९४७ मध्ये घटना समितीसाठी लिहिलेल्या निवेदनात त्यांनी सामाजिक बहिष्कार हा शिक्षापात्र गुन्हा धरावा असं कलमच मांडलं होतं. तेव्हा ते राहिलं. म्हणून तुमची काकू लढतेय ते काही घरगुती भांडण नाही.

आमच्या अनुभवाने सांगते, तक्रारीत "आम्हाला त्रास देतात" असं मोघम लिहू नका. बैठकीची तारीख, जागा, कोण हजर होतं, दंड कोणी जाहीर केला, आजीच्या वेळी कोण काय म्हणालं, टिलरवाल्याचे शब्द जसेच्या तसे. साक्षीदार गावातला नाही मिळाला तर आजीच्या अंत्यविधीला मुंबईहून आलेले तुम्ही सगळे साक्षीदार आहातच.

प्रतिसाद

मी तोच, तालुका कोर्टातला वकील. नळाचं वाचलं. ताई हे फार महत्त्वाचं आहे, हे आधी सांगायला हवं होतं! ग्रामपंचायत ही स्थानिक प्राधिकरण आहे, म्हणजे कलम १२ प्रमाणे ती राज्यसंस्थाच. पिण्याचं पाणी कलम २१ मध्ये येतं हे कोर्टांनी अनेकदा सांगितलंय. त्यामुळे गावकीबद्दल जो वाद आहे तो इथे उरतच नाही, पंचायतीविरुद्ध मूलभूत हक्कांचा मुद्दा सरळ उभा राहतो. पाणीपट्टी भरल्याच्या पावत्या शोधा, ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी अर्ज द्या, प्रत बीडीओंना (गटविकास अधिकाऱ्यांना), आणि शेजारच्या नळाला पाणी येतंय त्याचा व्हिडिओ तारखेसह काढून ठेवा.

स्क्रीनशॉट चालेल पण नुसता नाही. चुलतभावाचा मूळ फोन तसाच ठेवा, ग्रुप सोडू नका, चॅट डिलीट करू नका, आणि कोर्टात देताना नवीन साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते आम्ही करून देतो. निर्णय ज्याने टाकला त्याचा नंबर आणि मेसेजची वेळ दिसेल असं सगळं पान घ्या. सोमवारी काकूंना घेऊन तालुका कोर्टात विधी सेवा समितीच्या ऑफिसला या, आधार कार्ड, एनसीची प्रत आणि नळाच्या पावत्या बरोबर असू द्या.