मदत हवी आहे: नागपुरातच राहून नागपुरात काय बघावं?

नमस्कार मंडळी,

लहानपण याच शहरात गेलं, मग नोकरीपायी बरीच वर्षं बाहेर. आता नवरा, सासूबाई आणि तिसरीतला लेक असं बिऱ्हाड घेऊन परत आले आहे. घर वर्धा रोडला, उज्ज्वलनगर मेट्रो स्टेशनपासून चालत. रविवार उजाडला की घरात एकच प्रश्न पडतो आणि उत्तरही ठरलेलं: फुटाळा, नाहीतर मॉल.

कोणाला विचारावं तर सल्ला मिळतो पेंचला जा, ताडोब्याला जा, रामटेक करून या. अहो, मला गावाबाहेर जायचंच नाहीये! गाडी न काढता सकाळी निघावं आणि जेवायच्या वेळेला घरी परतावं, असं काही सुचवा. नवरा नाशिकचा. त्याच्या मते नागपुरात ऊन, संत्री आणि सावजी एवढंच आहे. त्याचं तोंड बंद करणं हा धाग्याचा छुपा हेतू समजा.

दीक्षाभूमी, महाराजबाग, अंबाझरी, सेमिनरी हिल्सचं जपानी गार्डन, गोरेवाड्याची सफारी आणि कामठीचं ड्रॅगन पॅलेस झालेलं आहे, ते सोडून सांगा. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे फार पायऱ्या नकोत. लेकाला आगगाड्या आणि ग्रहतारे यांचं वेड. मला स्वतःला महालातल्या जुन्या वस्तीत भटकायचंय, पण सुरुवात कुठून करू तेच कळत नाही. आणि नाटकांचं कुठे कळतं? पेपरात नजरेस पडेपर्यंत प्रयोग होऊन गेलेला असतो.

उन्हाळ्यातलं काही सुचवू नका. मे महिन्यात आम्ही कूलरसमोरून हलत नाही.

तर्रीबाज:
आगगाड्यांचं वेड आहे म्हणता अन् मोतीबाग नाही दाखवली पोराला? काहून बापा! नॅरोगेज रेल्वे संग्रहालय हाय तिथं, २००२ पासून. वाफेची इंजिनं, जुने डबे, सिग्नलचे दिवे, सगळं हात लावता येईल इतक्या जवळून. पोरांसाठी छोटी गाडीही फिरते आवारात. बंगाल नागपूर रेल्वेनं सातपुड्यात जे छोट्या रुळांचं जाळं टाकलं होतं, त्याची ही आठवण. आम्ही छिंदवाड्याच्या मामाकडे त्याच छोट्या गाडीनं जायचो, घाटात तिचा वेग पाहून लोक उतरून चालायच्या गोष्टी करत. आता तिथं ब्रॉडगेज झाली. उज्ज्वलनगरहून मेट्रोनं थेट कडबी चौक, तिथून ऑटो. सोमवारी बंद असते, रविवारी जा.

धागाकर्ती:
तर्रीबाज भाऊ, हे तर सरळ पहिल्या नंबरवर! सासूबाईंना बसायला जागा आहे का?

तर्रीबाज:
बाग हाय ना ताई. आजीबाई झाडाखाली, पोरगं इंजिनात.

इतवारीकर:
ग्रहताऱ्यांसाठी रमण विज्ञान केंद्र, गांधीसागराजवळ. १९९२ चं आहे, तारामंडळ नंतर झालं. तुम्ही शाळेत असताना बघितलं असेल, तरी लेकाबरोबर परत जा. तारामंडळाच्या खेळाची वेळ आधी विचारून घ्या, नाहीतर पोराला दाराबाहेर थोपवून धरावं लागतं.

अजब बंगला यादीत दिसला नाही. म्हणजे आपलं मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ चं, रिचर्ड टेंपल मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त असतानाचं. पेंढा भरलेले प्राणी-पक्षी, शस्त्रं, मूर्ती, आदिवासींच्या वस्तू. मांडणी जुन्या वळणाची आहे, काही ठिकाणी फलक अपुरे वाटतात, पण मला ते आवडतं. ते पण सोमवारी बंद. झिरो माइल स्टेशनला उतरलात की फार लांब नाही.

आणि उतरलाच आहात तर झिरो माइलचा तो दगडही नीट बघा. आपण सगळे चारचौघांत 'देशाचा मध्यबिंदू' म्हणून मिरवतो, पण तो मुळात त्रिकोणमितीय सर्वेक्षणवाल्यांनी १९०७ मध्ये बसवलेला मोजणीचा दगड. फाळणीनंतरच्या नकाशाचा मध्य तर तो नाहीच. त्यावर हैदराबाद, जबलपूर, सिवनी, छिंदवाडा अशी गावं आणि मैलांतली अंतरं कोरली आहेत. मुलाला वाचायला लावा, घरी येऊन किलोमीटर करायला लावा, संध्याकाळपर्यंत गप्प बसेल. नवरोबांना मात्र मध्यबिंदूचं सांगू नका, हसतील.

महालातला:
ताई, वरचं सगळं बरोबर, पण ही ठिकाणं बारा महिने तिथंच आहेत, ती राहून गेली तरी बिघडत नाही. नागपुरात कुठे जायचं हे विचारण्याआधी कधी जायचं ते विचारा. आपल्याकडची खरी गंमत ठरल्या दिवशीच उघडते आणि दुसऱ्या दिवशी तिचा मागमूस नसतो.

आता सीताबर्डीचा किल्लाच घ्या. शहराच्या मधोमध, मेट्रोतून दिसतो, आणि अर्ध्या नागपूरकरांनी आतून पाहिलेला नाही. सैन्याच्या ताब्यात आहे. सामान्य माणसाला २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला सोडतात. १ मे तुमच्या कूलरमुळे बाद, म्हणजे २६ जानेवारी पक्की. १८१७ च्या नोव्हेंबरात अप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज तिथंच भिडले आणि नागपूरचं राज्य खऱ्या अर्थानं गेलं. चढ आहे, सासूबाईंना घरी राहू द्या. ओळखपत्र खिशात ठेवा.

दुसरी तारीख पोळ्याची कर. श्रावण अमावस्येला पोळा, दुसऱ्या दिवशी पोरांचा लाकडी बैलांचा तान्हा पोळा आणि मारबत, म्हणजे गावाची इडापिडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून निघते. दोघी नेहरू पुतळ्यापाशी भेटतात तेव्हा इतवारीत मुंगीला पाय ठेवायला जागा नसते. मागे बडगे. महागाई, भ्रष्टाचार, वर्षभरात जो कोणी लोकांच्या तोंडी आला असेल तो पुतळा होऊन मिरवतो, आणि शेवटी सगळं जाळतात. "घेऊन जा गे मारबत" ही आरोळी हजारो गळ्यांतून ऐकली नसेल, तर नाशिककरांनी नागपूर पाहिलं असं मी तरी मानणार नाही. पोराला खांद्यावर घ्या आणि सकाळीच पोहोचा.

चतुर्थी त्यानंतर दोन-तीन दिवसांत येते. त्यामुळे त्याच फेरीत चितारओळीत शिरा. तिथं मूर्तींवर शेवटचा हात फिरत असतो, डोळे रेखताना कारागीर कोणाशी बोलत नाहीत, तुम्हीही बोलू नका. अ‍ॅक्वा लाइनवर चितारओळी चौक नावाचं स्टेशनच आहे, सीताबर्डीला गाडी बदलायची.

महालाची सुरुवात विचारलीत ना? गांधी गेटपासून करा, म्हणजे जुना जुम्मा दरवाजा. तिथून आत कल्याणेश्वर आणि रुक्मिणीचं मंदिर, भोसलेकाळातलं दगडी कोरीवकाम. भोसल्यांच्या आधी हे शहर गोंड राजा बख्त बुलंद शाहनं वसवलं, हे मुलाला तिथंच उभं राहून सांगा. एकटीनं गल्ल्या शोधायचं भय नको, रस्ता चुकलात तर कोणतीही काकू तिच्या दारापर्यंत नेऊन चहा पाजेल.

प्रयोगाची तिसरी घंटा:
नाटकांसाठी पेपरची वाट बघू नका. हिवाळ्यात राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सभागृहात असते, बहुतेक रोज एक नाटक. तिकीट नाममात्र. काही प्रयोग भिकार निघतात हे आधीच सांगते, मध्यंतरात उठून यावं. पण एखादा असा निघतो की शंकरनगरपर्यंत चालत बोलत जावं लागतं. पहिल्या दिवशीच सभागृहाबाहेरच्या फलकाचा फोटो काढून ठेवा, सगळं वेळापत्रक मिळतं. शिवाय हिवाळ्यात सिव्हिल लाइन्सला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या आवारात ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळा भरतो. सपाट जागा, बसायला खुर्च्या, समोर लोकनृत्यं. सासूबाईंसाठी हेच.

इतवारीकर:
सिव्हिल लाइन्सचं काही करायचं असेल तर अधिवेशनाच्या तारखा बघून. डिसेंबरात विधानभवनाच्या आसपास मोर्चे आणि अडथळे लागले की ऑटोवाले त्या बाजूचं नाव काढू देत नाहीत.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार! येत्या रविवारी मोतीबाग, लेकाला अजून सांगितलेलं नाही, नाहीतर शनिवारी झोपणार नाही. २६ जानेवारी आणि पोळ्याची कर भिंतीवरच्या कॅलेंडरवर आत्ताच लिहिली. नवऱ्यानं यादी वाचली आणि "मारबत म्हणजे नक्की काय?" एवढंच विचारलं.

महालातले भाऊ, एक राहिलं. मारबतीच्या दिवशी सासूबाईंनाही यायचंय म्हणतात. मिरवणुकीच्या वाटेवर कोणाच्या माडीवर किंवा दुकानाच्या ओट्यावर बसायची सोय होऊ शकते का? की आधीच कोणाशी बोलून ठेवावं लागतं?