अनुभव धागा: पेपरात आली तेवढी बातमी सोडून

पूर्वभागकर

परवा आमच्या बोळात पेढे वाटले. शेजारच्या पोरीला दीक्षान्त समारंभात सुवर्णपदक मिळालं. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा, 'विडी कामगाराच्या लेकीची भरारी'. पोरगी पेपर घेऊन आमच्याकडे आली ती फणफणतच. "काका, चार ओळींत आईची विडी दोनदा आली, माझा विषय एकदापण नाही!" विषय संख्याशास्त्र. आई आत मांडीवर सूप घेऊन बसलेली. तिचं म्हणणं, नाव छापून आलं, फोटो आला, आणखी काय पाहिजे? बोलता बोलता हात चालूच. पंचवीस विड्यांची जुडी बांधायची, अशा चाळीस झाल्या की हजार. मोजताना खाली बघत नाही बाई.

तेव्हापासून डोक्यात आहे की आपल्या सोलापुरातल्या कॉलेजांच्या अशा बातम्यांमागचं कुणीतरी लिहायला हवं. स्वतःचं, पोराबाळांचं, विद्यार्थ्यांचं, कुणाचंही चालेल. बक्षीस हुकलं असेल तर आधी लिहा.

सुरुवात मीच करतो. आमच्या वेळी सोलापूरची कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. परीक्षेच्या फॉर्मवर मी स्वतःच वडिलांचं नाव चुकवलं आणि ते दुरुस्त करायला एसटीनं कोल्हापूर गाठलं. जाताना आईनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली होती. परतताना तीच खाल्ली, कारण तिथं खायला पैसे उरले नव्हते. १ ऑगस्ट २००४ ला आपलं विद्यापीठ झालं तेव्हा "एका जिल्ह्याला विद्यापीठ?" म्हणून हसणारे खूप होते. मी नाही हसलो.

डाळिंबसाल

मी 'आविष्कार'ला, म्हणजे विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेला, पोस्टर लावलं होतं. डाळिंबाच्या सालीचा रंग काढून टॉवेलवर चढवायचा. सांगोल्याच्या मामाकडून साल पोत्यानं आली. वडील यंत्रमागावर, त्यामुळे टॉवेलच्या कापडाचे तुकडे घरचेच. तुरटी घातली की पिवळा येतो, हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, घातला की काळपट. सगळं वाचून झालं होतं. पहिली बादली काढली तर तुरटी घालूनही रंग मेलेला, राखेसारखा. दोन दिवस डोकं खाजवलं. नळाला पाणी नव्हतं म्हणून आम्ही बोअरचं वापरलं होतं, आणि त्यात लोह असणार हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. नळ आला त्या रात्री सगळी भांडी भरली. आई ओरडत होती, "प्यायला ठेव की बे!" आणि पहाटे पिवळा उतरला. असा पिवळा की अंगणात वाळत घातल्यावर शेजारीण विचारायला आली, कुठनं घेतलात?

परीक्षकांनी एकच विचारलं, किती धुण्यांना टिकतो? आम्ही तीनदा धुतलं होतं. ते म्हणाले, टॉवेल रोज धुतात. तिसरा नंबर आला, राज्याला जायचं राहिलं. आता एक तुकडा घरात वापरायलाच काढलाय. आज त्याचं एकतिसावं धुणं झालं.

तासिकावाले सर

कॉलेजचं नाव सांगत नाही, पोटाचा प्रश्न आहे. तासिका तत्त्वावर शिकवतो आणि मराठीचा म्हणून प्रसिद्धिपत्रकं माझ्याच गळ्यात. आमच्याकडे बातमीचा साचा ठरलेला आहे: अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, प्राचार्य यांनी अभिनंदन केले. एकदा कुस्तीतल्या पोराची बातमी दिली, त्यात अकरा नावं होती. छापून आली तेव्हा जागा कमी पडली म्हणून खालचा भाग कापलेला. पोराचं नाव खालीच होतं. बिचारा म्हणाला, "सर, फोटोत मी आहे ना, झालं." फोटोत तो मागच्या रांगेत, हाराच्या आड. तेव्हापासून मी विद्यार्थ्याचं नाव पहिल्या वाक्यात घालतो. दोनदा बोलणी खाल्ली, पण साचा मोडला.

सात रस्ता

युवा महोत्सव. आमच्या प्रहसनात चौघे: एक तेलुगू घरातला, एक कन्नड, एक उर्दू, आणि मी. संहिता सोलापुरीत, "काय करूलालास बे" पासून सुरू. तालमीला बाहेरगावचे एक मार्गदर्शक आले. म्हणाले, भाषा शुद्ध करा, गुण जातील. रात्री शुद्ध करून बघितली. विनोद सगळे मेले. कन्नड घरातला गडी म्हणाला, मी घरात कन्नड बोलतो, गल्लीत सोलापुरी, ही तुमची पुस्तकातली तिसरी भाषा मला झेपायची नाही. मग होती तशीच केली. बक्षीस नाही मिळालं, पण पडदा पडल्यावर मागच्या बाकांवरनं "परत करा बे" आलं. गड्ड्याच्या जत्रेत परवा एकानं मला त्या वाक्यावरनं ओळखलं.

रासेयोवाली

थोडक्यात लिहिते. रासेयोचं, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचं, सात दिवसांचं शिबिर, माळावर दगडी बांध घातला. पाऊस आला तेव्हा आम्ही परीक्षेत. गावातल्या एका आजींनी नातवाच्या फोनवरनं साचलेल्या पाण्याचा फोटो पाठवला, खाली काही लिहिलेलं नाही. बातमी वगैरे कुठं आली नाही.

पूर्वभागकर

डाळिंबसाल, पन्नासावं धुणं झालं की इथं कळवा. माझ्याकडे टॉवेलचा एक नेहमीचा व्यापारी आहे, त्याच्या कानावर घालतो.

आणि पोरीचं सांगायचं राहिलं. काल तिला विचारलं, हा विषयच का घेतलास? म्हणाली, लहानपणी आई जुड्या बांधायची, मी मोजायची. आठवड्यातून दोनदा तरी कारखान्यात काही जुड्या खराब म्हणून बाजूला काढायचे. मी वहीत लिहायला लागले, कुठल्या दिवशी किती काढतात ते. पावसाळ्यात जास्त निघायच्या, पानं ओली असायची म्हणून. आईला वाटायचं तिचा हात बिघडलाय.

ती वही अजून आहे. मी बघितली, शाळेची दुरेघी वही आहे, मागच्या पानावर चुलीची काजळी.